तासाभराचा प्रश्न

लासुर्ण्यात कुणी मेलं की ते आधी बापूकाकांच्या मोबाईलमध्ये मरायचं, मग गावात. हे आता सांगितलं तर माझी नात हसते. तिला वाटतं आजी तिखटमीठ लावून सांगते. पण होतं ते तसंच होतं. माणूस दवाखान्यात डोळे मिटतो न मिटतो तोच ग्रुपवर त्याचा फोटो यायचा. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली दोन समया, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि तळाला, मेलेल्याच्या नावापेक्षा जरा ठळकच, ‘शोकाकुल : बापूसाहेब आणि समस्त मित्रपरिवार’. बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. आमची दोन घरं एकाला एक लागून, मध्ये एका विटेची भिंत. ऊस होता, उसाला पाणी द्यायला माणसं होती, त्यामुळे काकांना दिवसभर मोबाईलशिवाय दुसरा उद्योग नव्हता. गावातल्या सलूनवाल्या पप्याचाही एक ग्रुप होता आणि दोघांत भलती चढाओढ. सरपंचांची म्हातारी आई गेली तेव्हा काका अंघोळीला बसले होते आणि पप्याचं बॅनर आधी पडलं. त्या दिवशी काका नीट जेवले नाहीत. तेव्हापासून गावातलं कुणी दवाखान्यात भरती झालं की ते त्याचं बॅनर अगोदरच करून ठेवायला लागले. ‘ऐन वेळंला धावपळ नको,’ असं ते आम्हालाच सांगायचे, आणि आम्हीही मूर्खासारखे हसायचो.

आमचं घर रस्त्याकडेला. पुढच्या खोलीत तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान आणि मागं आम्ही. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक ट्रॅक्टरमधून आणून आमच्या दारात टाकायचे. तात्या त्यांच्या पोटातली जळकी तार उपसून काढायचे आणि नवी तांब्याची तार गुंडाळत बसायचे. घरभर वॉर्निशचा वास असायचा. तो आमटीलाही लागतो असं माझा भाऊ धनूदादा म्हणायचा, आणि आई म्हणायची, मग जा तुझ्या कंपनीच्या कँटीनात जेवायला. धनूदादा नुकताच लोणी देवकरला एका कारखान्यात लागला होता. मोटार दुरुस्त झाली की तात्या ती जमिनीवर ठेवूनच चालू करून बघायचे. ती घुं करून फिरायला लागली की फळीवरची भांडी नाचायची आणि आई आतून ओरडायची, ‘आवं, बंद करा की, डबं पडत्याल!’ तात्या मुद्दाम आणखी थोडा वेळ चालू ठेवायचे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की ते मुद्दामच ठेवतात.

सकाळी मला जाग यायची ती आईच्या बांगड्यांनी. ती चुलीपुढं भाकरी थापायला बसली की दोन्ही हातांतल्या हिरव्या काचेच्या बांगड्या परातीच्या काठाला लागून वाजायच्या. गॅस होता, पण भाकरी चुलीवरच, यावर तात्या अडून असायचे. हुलग्याचं माडगं, लसणाचा ठेचा, कांद्याची पात आणि ती भाकरी, बास. बांगड्या भरायला इंदापूरच्या मुमताजचाची यायच्या, स्कूटीच्या मागं पेटी बांधून. आईच्या हाताचं माप त्यांना तोंडपाठ होतं. भरताना त्या आईचा हात दाबून मऊ करायच्या आणि गावोगावच्या सासवासुनांच्या भानगडी सांगायच्या. आई हसून हसून लाल व्हायची. सणाला, लग्नाला, ओटी भरायला गावात आईला पहिलं बोलावणं असायचं. तिचे ते भरलेले हात बघून बायका म्हणायच्या, ‘शालनच्या हातचं हळदीकुकू लाभतं.’

घरात मोबाईल दोन होते. एक धनूदादाचा, बोटानं सरकवायचा, ज्याला चार्जर म्हणजे सलाईनच होतं. दिवसातून दोनदा लावलं नाही तर तो मान टाकायचा. दुसरा तात्यांचा, बटणांचा, मागून काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. तो विहिरीच्या पाण्यात पडून वाचला होता. एकदा चार्ज केला की आठवडाभर हूं की चूं करायचा नाही आणि वाजला की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायची. आईला मोबाईल नव्हता. तिला कुणाला फोन करायचाय, असं सगळेच म्हणायचे आणि तीही तेच म्हणायची.

मागच्या महिन्यात नातीच्या शाळेत ‘मोबाईल जपून वापरा’ असा कार्यक्रम होता. आजी-आजोबांनाही बोलावलं होतं. एका चुणचुणीत बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, अनोळखी माणसाशी बोलू नका, अनोळखी लिंक उघडू नका, अनोळखी नंबर उचलू नका. मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, बाई गं, अनोळखी माणूस जास्तीत जास्त काय नेणार? आमच्या घराचं वाटोळं ज्यांनी केलं त्या सगळ्यांचे नंबर आमच्याकडे नावानिशी होते. नातीला मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘मग तू लिही ना आजी.’ म्हणून लिहिते आहे.

तात्या एका गिऱ्हाइकाच्या विहिरीवर मोटार बसवायला गेले होते. लाईट पहाटे येणार म्हणून ते मोटारीच्या खोलीतच जमिनीवर आडवे झाले. उजाडता घरी आले ते पोट धरून. डोळ्यांच्या पापण्या खाली यायला लागल्या, जीभ जड झाली. पायाच्या बोटाजवळ टाचणी टोचल्यासारखी खूण होती. मण्यार चावला होता. धनूदादानं त्यांना जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. तिथे त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवलं. हात हलत नव्हता, पाय हलत नव्हता, पापणीसुद्धा उघडत नव्हती. नुसती छाती मशीनच्या तालावर वरखाली व्हायची. आई आणि धनूदादा तिथेच बाहेरच्या फरशीवर मुक्काम ठोकून होते. मी दहावीत, म्हणून मला घरी काकांच्या भरवशावर ठेवलं होतं. काकांनी त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्याकडून तात्यांचा एक चांगला फोटो मागून घेतला होता, धनूदादाच्या साखरपुड्यातला, फेट्याचा. देवाजवळ ठेवायला मागत असतील असं मला वाटलं.

मग तो दिवस. सकाळी धनूदादानं आईला घरी पिटाळलं. अंघोळ करून ये, तात्यांची धुतलेली धोतरं आण आणि काही झालं तरी माझा चार्जर विसरू नको. आई एसटीनं आली. मी धावत गेले तर माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, ‘बोट हलवलं न्हाय अजून. पन अंग ऊन हाय.’ अंघोळ करून ती धनूदादासाठी भाकरी थापायला बसली. बांगड्या वाजायला लागल्या आणि मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

तिकडे बारामतीत डॉक्टर धनूदादाला म्हणाले की पुढचे काही तास अवघड आहेत, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. त्यानं काकांना फोन लावला. ‘काका, लई अवघड हाय म्हनत्यात डॉक्टर. जवळच्यांना बोलवा म्हनलं. आईला...’ आणि तिथे त्याच्या मोबाईलनं मान टाकली. काकांनी परत लावून पाहिला, तर बंद. आई त्या एका विटेच्या भिंतीपलीकडे बसून भाकरी भाजत होती. काकांनी नुसतं ‘वैनी’ म्हणून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. त्यांनी हाक मारली नाही. त्यांनी मोबाईलमधली गॅलरी उघडली.

आम्हाला कळलं ते बायका आल्या तेव्हा. एक आली, दुसरी आली, तोंडाला पदर लावून, कुणीच काही बोलेना. आई परातीवरून मान वर करून बघायला लागली. मग शेजारची एकजण पुढं झाली, तिनं चुलीवरचा तवा उतरवला आणि तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, हे मलाही माहीत होतं. धूर घरभर झाला. तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची राहिली. आई उठून उभी राहिली आणि पिठाच्या हातांनीच म्हणाली, ‘कोन गेलं?’

कुणीतरी मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. फेट्यातले तात्या, झेंडूची फुलं, दोन समया.

‘मी आत्ता तितनंच आले,’ आई म्हणाली. ‘अंग ऊन हुतं. ह्ये कुनी टाकलं?’

बापूकाका दारात उभेच होते. गळ्यात टॉवेल, डोळे पुसत. ‘धनूचाच फोन आला वैनी. माझा दादा गेला वो!’ असं म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यानं सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या. रडणं तरी खोटं नव्हतं काकांचं, तेवढं मी म्हणेन. त्यांच्या मनात तात्या मेलेच होते. त्यांनी ते लिहून पाठवलं होतं ना!

आई रडली नाही, आणि तेच तिला भोवलं. ती म्हणत राहिली, ‘मला धनूला फोन लावून द्या. येकदा लावून द्या.’ घरात, ओट्यावर, अंगणात माणूस मावत नव्हता आणि माणसागणिक एक मोबाईल. पण सगळे मोबाईल कामात होते. कुणी पुण्याच्या पाहुण्यांना कळवत होतं, कुणी स्टेटस ठेवत होतं, कुणी लाकडाच्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलत होतं. आई एकेकापुढं हात पसरत होती आणि जो तो हाताच्या खुणेनं ‘थांबा’ म्हणत होता. शेवटी एकानं लावला धनूदादाचा नंबर. बंद. ‘बगा, पोरानं फोनच बंद केलाय. काय बोलनार बिचारं?’ तोही पुरावाच ठरला. आईच्या डोक्यात मात्र लख्ख होतं. ती म्हणाली, ‘मग तात्यांच्या फोनवर लावा. त्यो धनूच्या खिशात हाय, चालू हाय.’

 एक म्हातारा हळूच म्हणाला, ‘आगं पोरी, मेलेल्या मानसाच्या फोनवर फोन लावत्यात व्हय?’ आणि खरंच कुणी लावला नाही. इतकी माणसं, शिकलेली, इंजिनिअर झालेली, पण त्या नंबरावर बोट ठेवायची एकाची छाती झाली नाही. मी ओरडत होते, लावा, लावा. पण त्या घोळक्यात पोरीच्या ओरडण्याला रडणंच समजतात. बायका आपसांत म्हणायला लागल्या की शालनच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला लवकर रडवा, नाहीतर छाती फुटेल.

तिला रडवायला सोनाआत्या आली. तात्यांची थोरली बहीण, कन्हेरीला दिलेली, ऐन तारुण्यात नवरा गेलेली. तिच्या पोरानं मोबाईलवर बॅनर पाहिलं आणि तिला गाडीत घालून आणलं. कन्हेरीहून लासुर्ण्याला बारामतीतूनच यावं लागतं. ज्या दवाखान्यात तिचा भाऊ श्वास घेत होता त्याच्या अंगावरून तिची गाडी आली. थांबून चौकशी करावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मोबाईलमध्ये आलं होतं, मग चौकशी कसली!

आत्यानं आल्या आल्या आईला मिठी मारली आणि मग तिचे हात धरले. ‘चल शालन. तेवडं उरकून घेऊ. मैत यायच्या आत झालं पायजे.’

‘अक्का, त्ये जित्तं हायती,’ आई म्हणाली. ‘अक्का, तुमच्या पाया पडते. आदी फोन लावा.’

‘माझ्या फोडल्या तवा मला कुनी इचारलं हुतं?’ आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला इतक्या वर्षांनीही स्पष्ट आठवतं. तिला खरंच वाटत होतं की ती आपल्या भावजयीचं भलं करते आहे. चौघीजणींनी आईला धरलं. पाटा भिंतीशी उभा होता तो आडवा केला. आत्यानं आईची दोन्ही मनगटं एकत्र धरली आणि पाट्याच्या कडेवर आपटली. एकदा, मग पुन्हा, कारण आई ताठ झाली होती आणि बांगड्या सगळ्या फुटल्या नव्हत्या. हिरवी काच चुलीतल्या ओल्या राखेत पडली. मनगटातून रक्त आलं. कुणीतरी पदरानं तिचं कुंकू पुसलं. मंगळसूत्राला हात घातला तेव्हा आईनं ते दातात धरलं. असं घट्ट धरलं की ओढणारीचंच बोट चावलं गेलं. आणि दारातला एक पोरगा मोबाईल उंच धरून हे सगळं टिपत होता.

तेवढ्यात काकांचा मोबाईल वाजला. त्यांनी तो डोळ्यांपुढं धरला आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. पडद्यावर लिहिलं होतं ‘दादा’, आणि फेट्यातला फोटो. तात्यांचा फोन येत होता. काकांनी मोबाईल असा टाकला की जणू इंगळीच हातावर चढली. तो ओट्यावर पडून थरथरत वाजत राहिला आणि भोवतालची माणसं मागं सरकली. एकही पुढं होईना. आईनं हात सोडवून घेतले, ओट्यावर आली आणि मोबाईल उचलला. ती पडद्यावर बोट फिरवत होती, पण बोट रक्तानं ओलं होतं, मोबाईल काही घेईना. फोन वाजून बंद झाला. तिनं बोट लुगड्याला पुसलं. तो पुन्हा वाजला. या वेळेला उचलला गेला.

धनूदादा ओरडत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतका. त्याच्या कंपनीतले दोघेजण हार घेऊन दवाखान्यात पोचले होते आणि काउंटरवर तात्यांची बॉडी कधी देणार म्हणून विचारत होते. ‘काका, कुनी पसरवलं ह्ये? तात्यांनी आत्ताच बोट हलवलंय!’

‘मी हाय,’ आई म्हणाली.

‘आई? तू काकांच्या फोनवर कशी? आई, तात्यांनी बोट हलवलं. चार्जर घेऊन ये लौकर.’

आई खाली बसली. आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुणी तिच्याजवळ आलं नाही. सगळ्यांचे अंगठे कामाला लागले. स्टेटस काढायला, मेसेज पुसायला, पुण्याच्या पाहुण्यांना परत फिरवायला. ओट्यावर, अंगणात, रस्त्यावर माणसं माना खाली घालून अंगठे चालवत होती आणि माझी आई ओल्या राखेत पाय पसरून बसली होती. मी तिच्या मनगटातली काच काढत होते. पिठलं-भाकरी घेऊन आलेली बाई टोपली तशीच घेऊन परत गेली. काकांनी ग्रुपवर ‘अनवधानाने चुकीची माहिती, क्षमस्व’ असं टाकलं, हात जोडलेले. त्याखाली लोकांनी अंगठे टाकले, कुणी हसरे चेहरे टाकले, एकानं तर केक टाकला. आईनं काकांकडं पाहिलं तेव्हा ते म्हणाले, ‘वैनी, मी काय खोटं नव्हतं टाकलं. डॉक्टरच तसं म्हनलं हुतं. तासाभराचा तर प्रश्न हुता.’

तात्या जगले. मण्याराचं विष उतरलं की माणूस आधी होता तसा उठून बसतो. पंधरवड्यात ते घरी आले, चालत. पण त्यांना दवाखान्यातलं सगळं ऐकू येत होतं. पापणी हलत नव्हती तरी कान जागे होते. बॉडी कधी देणार, हेही त्यांनी दाराआडून ऐकलं होतं. घरी आले तर दारात लाकडांचा ढीग. सरणाची लाकडं परत न्यायची नसतात म्हणून ट्रॅक्टरवाला ती आमच्याच दारात टाकून गेला होता. चुलीत घालता येईनात, कुणाला देता येईनात. तात्या रोज सकाळी त्या ढिगावर बसून चहा प्यायला लागले. काका समोरून गेले की हाक मारायचे, ‘काय बापू, दहाव्याला निगालास का? ये, च्या घे.’ स्वतःचं बॅनर त्यांनी धनूदादाकडून कागदावर छापून घेतलं आणि दुकानात, मीटरच्या खाली, चिकटवलं. काकांनी ते काढून टाका म्हणून हातापाया पडून पाहिलं. तात्या म्हणायचे, ‘ऱ्हाऊ दे. तुझं नाव चांगलं ठळक आलंय.’ ते हसायचे आणि गिऱ्हाइकंही हसायची. आई हसायची नाही.

आईनं पुन्हा बांगड्या भरल्या नाहीत. मुमताजचाची बातमी ऐकून मुद्दाम आल्या. पेटी उघडून आईचा हात हातात घेतला, मनगटावरच्या खपल्या बघितल्या आणि त्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं. ‘भरून घे गं शालन. धनी घरात हाय तुझा. असा मोकळा हात बरा दिसत न्हाय.’

‘चाची, तुमी भरनार आनि त्या फोडनार,’ आई म्हणाली. ‘मी मधी हात कशाला देऊ? येकदा फोडल्या त्यांनी. आता परत फोडायला मी काय ठेवनार न्हाय.’

चाचींनी पेटी मिटली. जाताना त्या माझ्या हातात दोन बांगड्या घालून गेल्या. आईचा निश्चय असा होता की तात्यांनीही एकदा ‘भर की गं’ म्हणून पाहिलं आणि पुन्हा विषय काढला नाही. पण गावानं तिला सोडलं नाही. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि हात भुंडे. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. बायकांना तिचं काय करावं कळेना, मग त्यांनी सोपं केलं, तिला बोलवायचंच बंद केलं. जिच्या हातचं हळदीकुंकू लाभतं म्हणायचे तिला बघून वाट बदलायला लागले. सोनाआत्या तोंडावर म्हणाली की ही माझ्या भावाच्या जिवावर उठलीय. तात्या म्हणाले, ‘अक्का, मी मेल्यावर ये. मीच फोन करतो तुला.’ माझ्या लग्नाच्या हळदीला पाच सवाष्णींना हाका मारल्या तेव्हा आई आपणहून भिंतीला जाऊन टेकली. मी आदल्या दिवशी तिच्या पाया पडले होते, आई, उद्यापुरती एक बांगडी घाल, माझ्यासाठी. ती नाही म्हणाली. मला तिचा फार राग आला होता. आता मी त्या वयाच्याही पुढं गेले आहे, सगळं समजतं, तरी हळद लागताना ती भिंतीशी उभी होती हे अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तात्या खरोखर गेले ते पुष्कळ वर्षांनी, घरीच, सकाळचा चहा झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. मी तेव्हा माहेरी होते. धनूदादा एकेकाला फोन लावायला लागला आणि एकजात सगळे विचारायला लागले, ‘नक्की ना?’ डॉक्टर येऊन गेले का? कुणी बघितलं? मागच्यासारखं नको. एवढं सगळं विचारून झालं की म्हणायचे, ‘वैनीला दे बघू.’ गाव शहाणं झालं होतं, खात्री केल्याशिवाय पाऊल उचलत नव्हतं. धनूदादा नाइलाजानं मोबाईल आईच्या कानाला लावायचा आणि आई तात्यांच्या पायाशी बसून सांगायची, ‘व्हय. गेलं. व्हय, खरंच.’ मग पुढचा फोन. त्या दिवशी एकानंही तिला मोबाईल दिला नव्हता, आणि आज तिच्या कानाचा मोबाईल कुणी सुटू देईना. सलूनवाला पप्या तर स्वतः आला, दर्शन घेतो म्हणून तात्यांच्या पायाला हात लावला, जरा दाबूनच लावला, आणि खात्री करून गेला.

सोनाआत्याला आणलं. तिला आता दिसत नव्हतं. तिला आईजवळ बसवलं तेव्हा तिनं सवयीनं आईचे हात शोधले, मनगटं चाचपली, वर कोपरापर्यंत हात नेला, पुन्हा खाली आणला.

‘अक्का, तुमी मागंच उरकलंय,’ आई म्हणाली. आत्यानं हात मागं घेतले.

बापूकाका काठी टेकत आले. भावाच्या कपाळावर डोकं ठेवून रडले, मग बाजूला झाले आणि खिशातून मोबाईल काढला. बॅनर तयार होतं. तोच फेट्यातला फोटो, तीच झेंडूची फुलं, फक्त समया आता पेटत्या, हलत्या होत्या. काकांना अक्कल आली होती, त्यांनी विचारलं. आईपुढं वाकून, हळू आवाजात विचारलं, ‘वैनी, टाकू का?’

‘थांबा,’ आई म्हणाली.

‘आता काय ऱ्हायलंय वैनी थांबायचं?’

‘तासभर थांबा. तुमच्याकडं माझा तासभर ऱ्हायलाय.’

 काका ओट्यावर जाऊन बसले, सगळ्यांच्या देखत, मोबाईल दोन्ही हातांत धरून. पडदा काळा पडला की अंगठ्यानं उजळायचे, तात्यांचा चेहरा यायचा, पुन्हा काळा पडायचा. मध्येच मोबाईल टुणकन वाजला. पप्याच्या ग्रुपवर तात्यांचं बॅनर आलं होतं. आजूबाजूची माणसं आपापले मोबाईल काढून बघायला लागली, एकानं तर ते काकांनाच दाखवलं. काकांनी मान वर करून आईकडं पाहिलं. आई तात्यांच्या पायांवरून हात फिरवत बसली होती, तिनं काही पाहिलं नाही. अंग अजून ऊन होतं, असं तिनं मला नंतर सांगितलं. ते गार होईस्तोवर ती बसली, आणि मग मान न वळवता म्हणाली, ‘टाका आता.’